आमचा भरोसा मोजाले येते कोण?

रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी ग्राहकांचा विश्वास मोजते. नोकरी, महागाई, उत्पन्न, खर्च कसा वाटतो, हे कुटुंबांना विचारतात. आकडा 100 च्या वर म्हणजे लोक आशेवर, खाली म्हणजे धास्तावलेले. मे 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, चालू परिस्थितीचा आकडा 48.5 वर आला होता. पाहणी कामाचीच आहे.

पण त्यात मोठी शहरं फक्त 19. विदर्भातून एकटं नागपूर. ग्रामीण पाहणी वेगळी, तिच्यात खेडी आणि निमशहरी, म्हणजे लाखाच्या आतली गावं. अमरावती-अकोला ना इकडे ना तिकडे!

मग आमचा भरोसा कशावरून ठरवतात? दिवाळीत मोबाईल किती खपले त्यावरून. राजकमल चौकात गर्दी दिसली की झाली "बाजारात तेजी".

अहो, 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर. पोरांचे फॉर्म मोबाईलवर, केवायसी मोबाईलवर. फोन आता हौस राहिली नाही. 2025 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये, बाजारात हाती पडले त्याहून कमी, अन् फोन हप्त्यावर. याला विश्वास म्हणायचं की नाइलाज?

रिझर्व्ह बँक गरजेचा खर्च आणि बिनगरजेचा खर्च वेगवेगळा विचारते. तोच प्रश्न आमच्या शहरांतही विचारा. किती फोन विकले, हे दुकानदार सांगेल. हप्ता फिटेल असं वाटते का, हे घेणाऱ्यालेच विचारा लागते.