होदूचा बर्फ आणि आपली घाई



आपण भारतातून आलो आणि इथे टर्कीलाच 'होदू' म्हणतात, याचं मला अजून हसू येतं. पण आज थोडं रागानेच लिहिते आहे. रोश हशानाला मुलं-नातवंडं येणार म्हणून आपण सहा किलोचा गोठलेला होदू आणतो आणि आदल्या रात्री ओट्यावर काढून ठेवतो. सकाळपर्यंत बर्फ सुटेल म्हणे!

मी नर्स असूनही एकदा हेच केलं. ड्यूटीवरून उशिरा आले, पक्षी ओट्यावर ठेवला आणि झोपले. सकाळी वरचं मांस कोमट, आत हाडाशी दगडासारखा बर्फ. तसाच ओव्हनमध्ये घातला. वरून छान लाल झाला, मांडीपाशी कच्चाच. दुसऱ्या दिवशी घरात चौघांना जुलाब. आम्ही दोन दिवसांत उठलो, सासूबाईंना मात्र सलाईन लावावं लागलं. आता मी त्यांच्या वयाची आहे. या वयात प्रतिकारशक्ती कमी, त्यात कितीजण ॲसिडिटीच्या गोळ्या घेतात. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की प्रेशर उतरतं, किडनीवर ताण येतो.

"आमची आई कोकणात कुठे फ्रीज वापरायची?" असं मला ऐकवतात. बरोबर, पण तिथे हज्जान सकाळी कोंबडी कापायचे आणि दुपारी ती चुलीवर असायची. गोठवलेलं मांस तिने पाहिलंच नव्हतं. तिचा अनुभव इथे लावू नका.

४ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात आणि आपला ओटा नेमका त्यातच येतो. म्हणून बर्फ फ्रीजमध्येच सुटू द्या. दर दोन-सव्वादोन किलोला एक पूर्ण दिवस धरा. सहा किलोला तीन दिवस. शुक्रवारी सकाळी शिजवायचा तर सोमवारी रात्रीच खाली काढा. बर्फ सुटल्यावर फ्रीजमध्ये एक-दोन दिवस चालतो, म्हणून लवकर काढल्याची भीती नको. खोलगट ताटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे पाणी दुधावर किंवा सॅलडवर गळणार नाही. आणि कच्चा पक्षी नळाखाली धुऊ नका, शिंतोडे सगळ्या सिंकभर उडतात.

शब्बाथची दोन किलोची कोंबडी काढायची राहिली तर न गळणाऱ्या पिशवीत बांधून थंड पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. दोन तासांत होते, मग लगेच शिजवा. गरम पाणी नको. होदूला असे सहा-सात तास लागतील, तेवढा वेळ कोण पाणी बदलत बसणार? शिजला की नाही हे रंगावरून ठरवू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर मांडीच्या जाड भागात खुपसा, हाडाला न टेकवता. ७४ अंश दिसले पाहिजेत. मुलांना वाढदिवसाला तोच आणायला सांगा, शाली पुष्कळ झाल्या.

आणि होदू काढायचाच विसरलात, तर त्याला फ्रीजरमध्येच राहू द्या. त्या दिवशी नारळाच्या दुधातली मासळी करा. नातवंडं कुरकुरतील थोडी.