बदलले आणि बरे झाले

वैद्यकीय संघटनेच्या स्मरणिकेत एका घरगुती घड्याळाच्या दुरुस्तीविषयी लिहावे, हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. तथापि निदानाविषयी, आणि विशेषतः चुकीच्या निदानाला मिळणाऱ्या फुकटच्या श्रेयाविषयी, मला जे सांगावयाचे आहे त्याला याहून स्वच्छ उदाहरण सापडले नाही. रोग्याच्या शरीरात दोष नेमका कोठे होता हे प्रत्येक वेळी उघडून दाखवता येत नाही. घड्याळाचे तसे नाही.

निक्सी ही एक काचेची नळी. आत बहुतांशी निऑन वायू आणि तारेचे दहा आकडे, एकामागे एक रचलेले. समोर जाळीचा धनाग्र. ज्या आकड्याला ऋणाग्र करावे त्याच्याभोवतीचा वायू नारिंगी उजेडाने पेटतो. सुमारे १७० व्होल्ट दाब लागतो, प्रवाह मात्र दोन-तीन मिलिअँपिअर. अमेरिकेतील बरोज कंपनीने १९५५ मध्ये या नळ्या बाजारात आणल्या आणि पुढची पंधरा-वीस वर्षे प्रयोगशाळांतील मापनयंत्रांवर त्यांचेच राज्य होते. एलईडी आले आणि ते संपले. सोव्हिएत कारखान्यांनी त्या पुष्कळ उशिरापर्यंत बनवल्या. आजचे हौशी लोक मुख्यतः त्याच जुन्या साठ्यावर जगतात. चेक प्रजासत्ताकातील दालिबोर फार्नी यांनी अलीकडे हाताने नव्या नळ्या बनवण्याची कला पुन्हा उभी केली आहे, पण त्यांची किंमत आपल्या मुलांच्या आवाक्यातली नाही.

भेस्तान परिसरात, पांडेसरा आणि सचिनच्या कारखान्यांच्या आधाराने, खानदेशातून आलेली अनेक कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून स्थिरावली आहेत. अशाच एका लूम-मास्तरांचा अभियांत्रिकी शिकणारा मुलगा माझ्या दवाखान्यासाठी निक्सीचे घड्याळ करून घेऊन आला. चार जुन्या नळ्या, प्रत्येकीमागे के-१५५-आयडी-१ जातीची एक चिप, आणि घरीच फेरिक क्लोराइडमध्ये कोरलेली तांब्याची पाटी. प्रतीक्षाकक्षात ते झळकले आणि आठवड्याभरात रुग्णांनीच तक्रार आणली की डॉक्टरांचे घड्याळ मागे धावते. दहा वाजून सात मिनिटांनंतर ते पुन्हा दहा दाखवी, मग दहा वाजून एक मिनिट, आणि लगेच दहा वाजून दहा मिनिटे.

मुलाने पाहिले आणि निकाल दिला, "काका, शेवटची नळी गेली. आठ आणि नऊ पेटतच नाहीत. नाहीतर चिप गेली असेल. दोन्ही बदलून पाहतो."

"बदलून पाहतो" हे दोन शब्द मला आपल्या व्यवसायात रोज ऐकू येतात, म्हणून मी त्याला थांबवले. लक्षण नीट वाचले तर ते स्वतःच बोलत होते. नळीतील आठ हा आकडा निकामी झाला असता तर त्या मिनिटाला ती जागा काळी राहिली असती. तेथे शून्य का पेटावे? आणि आठ व नऊ, दोघे एकाच दिवशी का जावेत? चिपला आकडा कळतो तो चार तारांवरून. एकीची किंमत आठ, दुसरीची चार, मग दोन आणि एक. सात म्हणजे चार, दोन, एक. आठ म्हणजे केवळ आठची तार. नऊ म्हणजे आठ आणि एक. आता आठची तार मुकी झाली असे समजा. आठाचा होईल शून्य, नवाचा होईल एक, आणि शून्य ते सात अबाधित राहतील. घड्याळ दर वेळी मागे जाई ते बरोबर आठ मिनिटेच.

आणखी एक गोष्ट. या जातीच्या चिपची तार नुसती तुटली तर चिप तिला "आहे" असे समजते, "नाही" असे नव्हे. तेव्हा तार तुटलेली नसून कोठेतरी ग्राउंडला चिकटलेली असणार. इतके सारे झाकण न काढता, खुर्चीत बसून कळले.

मग वीजपुरवठा काढला, उच्च दाबाचा कपॅसिटर रोधातून रिकामा करून घेतला (१७० व्होल्टशी थट्टा नको, एक हात खिशात ठेवण्याची जुन्या कारागिरांची शिस्त अजूनही उत्तम), आणि मल्टिमीटरची टोके त्या तारेवर व ग्राउंडवर ठेवली. तो वाजला. भिंगाखाली पाहता चिपच्या पायापासून शेजारच्या ग्राउंडच्या पट्टीपर्यंत सोल्डरचा केसाएवढा धागा गेलेला दिसला. ब्लेडच्या टोकाने तो खरवडला. नवे काहीही बसवावे लागले नाही.

आता माझा मुद्दा. मुलाने चिप बदलली असती तर काय झाले असते? जुनी चिप उपसताना तापलेल्या सोल्डरबरोबर तो धागाही निघून गेला असता. नवी चिप बसली असती, घड्याळ अचूक चालले असते, आणि चिपच खराब होती हे त्याच्या मनात कायमचे ठसले असते. निरोगी चिप कचऱ्यात आणि खोटे ज्ञान डोक्यात. उपचार फसला तर माणूस पुन्हा विचार करतो. भलत्याच कारणाने लागू पडला तर तो करीत नाही. म्हणून मला फसलेल्या उपचारापेक्षा अशा यशाची भीती अधिक वाटते.

याचे प्रतिबिंब आपल्या बाह्यरुग्ण विभागात पाहा. कोपर टेकून तासन्‌तास काम करणारा एक कारागीर करंगळी व अनामिका बधिर होतात म्हणून आला, तो हातात जाड फाइल घेऊनच. मानेचा एमआरआय, रक्ताच्या तपासण्या, सारे झालेले. मानेत चकती थोडी सरकलेली दिसली; ती तर कसलाही त्रास नसलेल्या कितीतरी माणसांत दिसते. त्याला पट्टा आणि तीन आठवड्यांची रजा मिळाली. हात सुधारला. कामावर परतताच पुन्हा बिघडला. त्याची अनामिका अर्धीच बधिर होती, करंगळीकडची बाजू तेवढी. मानेतील मुळाचा दोष सहसा बोट असे मधोमध वाटून देत नाही. अल्नर नर्व्ह देते. हाताच्या पाठीवरही बधिरता होती, म्हणजे दोष मनगटाच्या वर. कोपराशी बोटाने ठोकताच झिणझिण्या आल्या. रजेत मानेला आराम मिळाला की नाही कोण जाणे, कोपराला नक्की मिळाला होता. श्रेय मात्र पट्ट्याला गेले, आणि कित्येक दिवसांची मजुरी एमआरआयला.

एक मित्र म्हणतात, आज तपासण्या हाताशी आहेत, ग्राहक न्यायालय आहे, विचार करीत बसण्यापेक्षा सर्व तपासून मोकळे व्हावे. त्यांची भीती खोटी नाही. शिवाय प्राणावर बेतले असता कारण शोधत कोणी थांबू नये. पेटलेल्या अडॅप्टरची तार आधी उपटावी हेच बरोबर. पण त्यांचा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. तपासणी हा प्रश्नाचा जाब आहे. प्रश्नच ठरलेला नसेल तर सरकलेली चकती ही जाब म्हणून पुढे येते. आणि बदलून पाहणे निरुपद्रवी नसते: या नळ्यांच्या तारा काचेतून बाहेर येतात, त्या ओढताना काचेला तडा गेला की हवा आत शिरते आणि चांगली नळी मरते. उमेदवारी करणाऱ्या तरुण डॉक्टरांकडून मी म्हणूनच एवढीच अपेक्षा ठेवतो, की चिठ्ठी लिहिण्यापूर्वी दोष कोठे असेल ते एका ओळीत लिहावे आणि नंतर ताडून पाहावे.

नळीचा दोष कधी नसतोच असेही नव्हे. त्याच घड्याळात तासाच्या नळीतील साताची वरची आडवी रेघ अंधारलेली होती. सात तेथे दिवसातून दोनच तास पेटतो. बाकीच्या वेळी इतर आकड्यांच्या तारेचे उडालेले कण त्याच्यावर बसत राहतात. न वापरलेला सांधा आखडावा तसेच हे. येथेही नळी बदलली नाही. किंचित वाढवलेल्या प्रवाहावर सात एकटाच काही तास पेटता ठेवला, आणि रोज पहाटे दोन ते तीन सर्व आकड्यांची कवायत घेण्याची सोय मुलाने प्रोग्रॅममध्ये केली. रेघ बरीचशी उजळली आहे. उजव्या टोकाला बोटाच्या नखाएवढा भाग अजून काळा आहे, आणि तो केव्हा पेटतो याची चौकशी रुग्णच करतात.