नऊ पिनांचं पोर्ट आणि आमचं प्रोजेक्ट

फेब्रुवारी आला की आपल्या हॉस्टेलमधून एक यात्रा निघते. सकाळची चर्चगेट फास्ट पकडायची, मुंबई सेंट्रलला उतरून चालत लॅमिंग्टन रोड गाठायचा (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण तसं विचारलंत तर कुणी सांगणार नाही), आणि संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये एक पिशवी छातीशी धरून परत यायचं. पिशवीत काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. लाईन फॉलोअर, होम ऑटोमेशन, अमुक तमुक डिटेक्टर... सोबत रिपोर्टची सीडी असायची, आता पेनड्राइव्ह असतो. व्हायवाच्या आदल्या रात्री "अरे, हा पांढरा बॉक्स काय करतो रे?" असं एकमेकांना विचारायचं. मी कुणाला नावं ठेवत नाहीये. दुसऱ्या वर्षी आमच्या ग्रुपनेही हेच केलं होतं आणि मार्क चांगले मिळाले होते.

या वर्षी आम्ही तिघींनी मिनी प्रोजेक्ट म्हणून एक अॅडॉप्टर बनवला. वजनकाट्याचं सीरियल पोर्ट एका बाजूला, कॉम्प्युटरचं कीबोर्ड पोर्ट दुसऱ्या बाजूला. रिव्ह्यूमध्ये पहिलाच प्रश्न आला, "यात इनोव्हेशन काय?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता लिहून देते.

वसई पूर्वेला, गोखिवऱ्याच्या बाजूला माझ्या मैत्रिणीच्या मामांचा गाळा आहे. नट-बोल्ट वजन करून बॉक्समध्ये भरायचे आणि पार्टीला पाठवायचे, हे काम. काट्यावर एक ताई असतात. बॉक्स ठेवायचा, आकडा बघायचा, वहीत लिहायचा. संध्याकाळी ती वही घेऊन कॉम्प्युटरवर बसायचं आणि दिवसभराचे आकडे एक्सेलमध्ये टाईप करायचे. दिवाळीच्या आधी ताईंनी १२.६५ च्या जागी १६.२५ टाईप केलं. ३.६ किलोचा फरक! पार्टीने ओरड केली, चलान परत आलं, आणि त्या मालाचे पैसे ताईंच्या पगारातून कापले गेले. मामा वाईट माणूस नाहीत. आम्हाला दर वेळी वडापाव मागवतात. पण पैसे कापले ते कापलेच.

आम्ही सुट्टीत सहज गेलो होतो तेव्हा हे कळलं. मैत्रिणीने काटा फिरवून मागे बघितलं तर तिथे धुळीने भरलेलं नऊ पिनांचं पोर्ट! काटा घेतल्यापासून कुणी त्याला हात लावला नव्हता. म्हणजे जो आकडा ताई डोळ्यांनी वाचून, हाताने लिहून, पुन्हा वाचून, पुन्हा टाईप करत होत्या, तोच आकडा काटा मागच्या बाजूने दिवसभर बाहेर पाठवत होता आणि घ्यायला कुणी नव्हतं.

ताईंनी विचारलं, "पोर्ट म्हणजे काय गं?" मला मराठीत सांगता येईना. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढल्याचा परिणाम. डोक्यात 'बंदर' आला, आणि वसईत बंदर म्हटलं की होड्या आणि किल्ला. मी काहीतरी पाच मिनिटं बोलले. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "म्हणजे काटा स्वतःच टाईप करणार?" आमच्या रिपोर्टच्या अॅबस्ट्रॅक्टमध्ये दोन पानांत जे आहे ते एवढंच आहे.

आता थोडं टेक्निकल. कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, पण ज्युनिअर्सनी सोडू नका.

काट्यामागचं पोर्ट आरएस-२३२ चं. हे स्टँडर्ड १९६० सालचं, म्हणजे आपल्या बहुतेक सरांपेक्षा वयाने मोठं. यात शून्य म्हणजे अधिक ३ ते १५ व्होल्ट आणि एक म्हणजे उणे ३ ते १५ व्होल्ट. उणे! हे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, तरी आम्ही पहिल्या दिवशी काट्याची वायर सरळ नॅनो बोर्डला लावली आणि बोर्डची ती पिन मेली. मध्ये मॅक्स-२३२ ही चिप लागते. मग ट्रान्समिट आणि रिसीव्हच्या तारा उलट्या लावल्या. मग काही तरी यायला लागलं पण सगळा कचरा, कारण आम्ही ९६०० बॉड धरला होता आणि काटा २४०० वर बोलत होता. यात दोन रविवार गेले. दुसऱ्या बाजूला कीबोर्डचं गोल जांभळं पोर्ट, आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ कॉम्प्युटरबरोबर आणलेलं. "यूएसबी का नाही वापरलं?" हाही रिव्ह्यूमधला प्रश्न. कारण पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो म्हणून मामांनी यूएसबीच्या सगळ्या भोकांत एम-सील भरून टाकलं होतं! हसू नका, आपल्या इथे जे कॉम्प्युटर मिळतात त्यांच्यासाठीच इंजिनिअरिंग करायचं असतं.

कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, बटणाचा नंबर पाठवतो. '१' दाबला की हेक्समध्ये १६, सोडला की एफ० आणि मग १६. एंटर म्हणजे ५ए. काटा मात्र अक्षरं पाठवतो, तीही आकड्याच्या पुढेमागे 'केजी' वगैरे शेपट्या लावून. बोर्डचं काम एवढंच की शेपट्या काढायच्या, उरलेल्या आकड्यांचे बटण-नंबर करायचे आणि शेवटी एंटर मारायचा. खरा कीबोर्डही तिथेच लागलेला हवा, म्हणून तो आमच्या डबीतून पुढे जातो. वजन पाठवायची वेळ आली की ४०६६ चिप कीबोर्डच्या दोन तारा क्षणभर तोडते, आपले आकडे जातात, तारा परत जोडल्या जातात. जुने बारकोड रीडर असेच काम करायचे. बोर्डला लागणारे ५ व्होल्टही त्याच गोल पोर्टमधून मिळतात, वेगळा चार्जर नको. एक मात्र लक्षात ठेवा, पीएस/२ ची पिन लावताना-काढताना कॉम्प्युटर बंद करा. ते चालू मशीनवर करायचं पोर्ट नाही.

या सगळ्याची गंमत अशी की कॉम्प्युटरमध्ये काहीही टाकावं लागत नाही. ड्रायव्हर नाही, सॉफ्टवेअर नाही. उद्या मामांनी एक्सेल सोडून दुसरं काही घेतलं तरी चालेल, कारण कीबोर्ड सगळ्यांना समजतो. ही काही आमच्या डोक्यातून आलेली आयडिया नाही. विंडोज ९५ पासून एक्सपीपर्यंत 'सीरियलकीज' नावाची सोय होती. ज्यांना कीबोर्ड दाबता येत नाही अशा लोकांच्या खास उपकरणांसाठी ती होती. सीरियल पोर्टवर जे येईल ते विंडोज कीबोर्डवरून आलं असं समजायचं. मला हे नंतर कळलं आणि आपण फारच साधी गोष्ट केली असं वाटणं बंद झालं.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा फजिती झाली ते सांगायलाच हवं. काटा सेकंदाला कितीतरी वेळा वजन पाठवतो हे आम्ही विसरलो होतो. एक बॉक्स ठेवला आणि एक्सेलचा कॉलम १२.६५, १२.६५, १२.६५ करत खाली धावत सुटला! मामा चहा ठेवून उठले. आम्ही म्हटलं एक बटण लावतो, दाबलं की एकदाच जाईल. तेव्हा ताई म्हणाल्या, "पोरींनो, माझे दोन्ही हात बॉक्सला असतात. शिलाई मशीनसारखं पायाखाली काही देता येईल का?"

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. अडीच वर्षं इंजिनिअरिंग करून हे आम्हाला सुचलं नव्हतं. आता ताई पायाने स्विच दाबतात. काट्यापासून कॉम्प्युटर सात मीटरवर आहे. आरएस-२३२ ला एवढं अंतर काहीच नाही (यूएसबीची साधी केबल पाच मीटरलाच दम टाकते), म्हणून डबी कॉम्प्युटरजवळ ठेवली आणि त्याच केबलमधल्या दोन रिकाम्या तारांतून पायाचा स्विच आणला. मॉनिटर ताईंच्या बाजूला वळवला. तो वळवायलाच लागतो, कारण ही डबी आंधळी आहे. कर्सर जिथे असेल तिथे टाईप करते. एकदा वजन पार्टीच्या फोन नंबरच्या रकान्यात जाऊन बसलं. ताईंनी बघितलं म्हणून सापडलं.

खर्च सगळा मिळून साडेसहाशे रुपये, मेलेला बोर्ड धरून. "नवा काटा घ्यायचा ना," असंही एक सर म्हणाले. घेता येईल. पण जुना उत्तम चालतोय, दरवर्षी वैधमापनवाल्यांचा शिक्का होतोय, आणि आम्ही त्याचं सील न तोडता फक्त बाहेरच्या पोर्टला वायर लावली. चालत्या काट्याला भंगारात घालणं यात तरी काय इनोव्हेशन? सीरियलचं यूएसबी करणारी केबल बाजारात मिळते हे खरं आहे. कॉम पोर्टवरचा डेटा कीबोर्डसारखा टाईप करणारी सॉफ्टवेअरही मिळतात. जिथे एम-सील नाही तिथे तीच घ्यावीत, डबी बनवायच्या भानगडीत पडू नये. पण हे ठरवायला आधी गाळ्यात जाऊन बघावं लागतं ना?

माझं म्हणणं एवढंच आहे. वालीव, सातिवली, गोखिवरे इथे आपल्या हॉस्टेलपासून रिक्षाच्या अंतरावर इतके गाळे आहेत आणि आपण प्रोजेक्टसाठी लॅमिंग्टन रोडला जातो. पिशवीतल्या प्रोजेक्टला ताई नसतात. पायाचा स्विच कुणी मागत नाही, चुकीचं टाईप झालं तर कुणाचे पैसे कापले जात नाहीत, आणि पॅकिंग फोमवर ठेवून व्हायवाला चालला की झालं. आपल्या रिव्ह्यूच्या फॉर्ममध्ये 'नावीन्य' हा रकाना आहे. 'कुठे लावलं आणि अजून चालू आहे का' असा रकाना का नाही? दहा मार्कांचा जरी केला तरी लॅमिंग्टन रोडची अर्धी गर्दी कमी होईल. स्टाफने यावर रागावू नये, विचार करावा. आपल्या लॅबमधल्या डिजिटल बॅलन्सच्या मागेही तसलंच पोर्ट आहे आणि आपण अजून रीडिंग कच्च्या कागदावर घेऊन जर्नलमध्ये 'नीट' करून लिहितो. नीट म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. डबी चालू झाली त्या दिवशी मामा हसत म्हणाले, "मग आता ताईंचं काय काम?" ताई तिथेच होत्या. त्याही हसल्या, पण मला काही सुचेना. मी घाईघाईने कर्सरचं कारण सांगितलं, फोन नंबरच्या रकान्याचा किस्सा पुन्हा ऐकवला. ताई अजून काट्यावर आहेत, संध्याकाळी एक तास लवकर निघतात आणि नालासोपाऱ्याला उजेडात पोचतात. पण तो प्रश्न आमच्या रिपोर्टमध्ये 'फ्युचर स्कोप' मध्ये कुठेच नाही. कुठे लिहायचा तेही कळलं नाही.

असो. दोन पीसीबी जास्त झाल्या आहेत. मॅक्स-२३२ आणि ४०६६ चे सॉकेट लावलेले आहेत, चिप तुमची तुम्ही आणा. ज्यांना हव्यात त्यांनी रात्री मेसमध्ये विचारा. फक्त कुठल्या काट्याला लावणार ते आधी बघून या, आणि त्याचा बॉड रेट विचारून या. आमच्यासारखे दोन रविवार घालवू नका.