आरोग्य केंद्रातले डॉक्टर दरवर्षी का बदलतात? पदवीनंतरचे एक वर्ष आणि बीडचे रुग्ण

"मागचे साहेब कुठं गेले?" ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रात नवे डॉक्टर रुजू झाले की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न येतो. विचारणारी बहुधा रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी न्यायला आलेली आजी असते. जुन्या साहेबांना तिचा आजार माहीत होता, कोणत्या गोळीने पायाला सूज येते हेही ठाऊक होते. आता सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. तिला मिळणारे उत्तरही ठरलेले असते : "ते पुढच्या शिक्षणाला गेले."

हे असे का होते, त्याचा आपल्या उपचारावर काय परिणाम होतो आणि रुग्ण व नातेवाईक म्हणून आपण काय करू शकतो, ते या लेखात पाहू.

पदवी आणि पुढचे शिक्षण यांमधले वर्ष

एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असतो. त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप. ती संपली की वैद्यकीय परिषदेत नोंदणी होते आणि तो तरुण स्वतंत्रपणे रुग्ण तपासू शकतो. मात्र आज बहुतेकांना एमडी किंवा एमएस करायचे असते. त्यासाठी नीट पीजी ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. बीएएमएस झालेल्यांसाठी अशीच वेगळी प्रवेश परीक्षा आहे.

पदवी आणि प्रवेश यांच्यामध्ये एखादे वर्ष, कधी दोन वर्षे जातात. परीक्षेच्या तारखाही स्थिर नसतात. २०२४ ची नीट पीजी २३ जूनला होणार होती. ती आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि ११ ऑगस्टला झाली. २०२५ ची परीक्षा १५ जूनला ठरली होती. ती एकाच सत्रात घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि ती ३ ऑगस्टला झाली. परीक्षेनंतर निकाल, मग प्रवेशाच्या अनेक फेऱ्या. हा सगळा काळ त्या तरुण डॉक्टरचे एक पाऊल आरोग्य केंद्रात आणि दुसरे अभ्यासिकेत असते.

या वर्षाला आपल्याकडे आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस होणाऱ्यांना एक वर्ष शासकीय सेवा करण्याचा बंध, म्हणजे बाँड, लिहून द्यावा लागतो. तो पाळला नाही तर १० लाख रुपये भरण्याची तरतूद बराच काळ होती. सरकारी खर्चाने शिकलेल्या डॉक्टरने काही काळ गावाकडे सेवा द्यावी, हा त्यामागचा हेतू. आपल्या आरोग्य केंद्रातले तरुण डॉक्टर अनेकदा याच बंधावर आलेले असतात. सगळेच तसे नसतात; वर्षानुवर्षे एका भागात काम करणारे कायम वैद्यकीय अधिकारीही आहेत. पण बंधावर आलेल्या डॉक्टरची नेमणूकच एका वर्षाची असते. तो निघून गेला म्हणजे त्याने आपल्याला सोडून दिले, असे नव्हे.

बीडमध्ये याचा फटका जास्त का बसतो?

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार आहे. सपाट भागात साधारण ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे राष्ट्रीय प्रमाण आहे. म्हणजे तिथला एक डॉक्टर बदलला की कितीतरी गावांचा डॉक्टर बदलतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकापासून आहे. नावातच 'ग्रामीण' असलेले हे शासकीय महाविद्यालय जिल्ह्याचा मोठा आधार आहे. पण रोजची गोळी, गरोदरपणातली तपासणी, लहान मुलाचा ताप यांसाठी माणूस आधी जवळच्या आरोग्य केंद्राकडेच जाणार.

दुसरे कारण बीडचे स्वतःचे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली लाखो माणसे उसाच्या फडावर जातात. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांचा हंगाम संपवून ती पाडव्याच्या आगेमागे परततात. म्हणजे डॉक्टर वर्षाने बदलतो आणि रुग्णही सहा महिने गावात नसतो. गेल्या वेळी ज्याने तपासले तोच डॉक्टर परतल्यावर भेटेल, याची खात्री नाही.

एक उदाहरण घेऊ. केज तालुक्यातल्या एका पन्नाशीच्या बाईंना श्रावणात रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि महिन्याने यायला सांगितले. दोन महिन्यांनी कोयता निघाला. फडावर गोळ्या संपल्या. डोके दुखत नव्हते, त्यामुळे बाईंना वाटले, बरे झाले. एप्रिलमध्ये परत आल्या तेव्हा डॉक्टर नवे, जुना कागद हरवलेला. उपचार पुन्हा शून्यापासून. हे उदाहरण कल्पित आहे, पण ऊसतोडीच्या गावांत काम केलेल्या डॉक्टरला ते अनोळखी वाटणार नाही. रक्तदाब त्रास न देता वाढतो आणि पक्षाघात किंवा किडनीच्या आजारापर्यंत नेतो. त्यात सहा महिन्यांचा खंड महागात पडू शकतो.

बायकांच्या आजारांत ही अडचण आणखी गंभीर होते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्याची कारणे अनेक आहेत : फडावरचे कष्ट, शौचालयाची सोय नसणे, बुडणारी मजुरी, मुकादमाची उचल, खासगी दवाखान्यातला चुकीचा सल्ला. पण अंगावरून पांढरे जाणे किंवा पाळीचा त्रास यासाठी आधी औषधोपचार करून पाहायला आणि पुन्हा पुन्हा तपासायला ओळखीचा, विश्वासाचा डॉक्टर लागतो. तो नसेल तर "पिशवी काढून टाका" हा सल्ला सोपा वाटू लागतो.

मग हे वर्ष वाया जाते का?

मुळीच नाही. रुग्णांच्या बाजूने पाहिले तर बंधावरचा डॉक्टर नसता तर काही केंद्रांत डॉक्टरच नसता. तो नुकताच शिकून आलेला असतो, नव्या उपचारपद्धती त्याला ठाऊक असतात. आणि त्या डॉक्टरसाठी हे वर्ष पुस्तकात न मिळणारे शिक्षण असते. सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, रात्री दोनची बाळंतपणे, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णाला वर कधी पाठवायचे याचा निर्णय.

याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात, एमबीबीएस झाल्यावर, रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत होती. त्यांनी तिथे रुग्णांजवळ बसून नोंदी ठेवल्या. पुढे एमडी करून ते त्याच भागात परतले आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशात वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या संशोधनाचा प्रश्न त्यांना एका आरोग्य केंद्राने दिला होता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २००६ पासून चालवलेला 'निर्माण' हा उपक्रमही हाच विचार तरुणांपुढे ठेवतो. बंधाचे वर्ष शिक्षा म्हणून न काढता लोकांचे प्रश्न समजून घेण्यासाठी वापरा, असे तो सांगतो. त्यातून अनेक तरुण डॉक्टर ग्रामीण आरोग्य केंद्रांत गेले आहेत.

तरीही एकेकाच्या चांगुलपणावर व्यवस्था चालत नाही. एका वर्षाची नेमणूक रिकामी खुर्ची भरते, पण उपचारातले सातत्य देत नाही. ते हवे असेल तर डॉक्टरला जास्त काळ थांबण्याचे कारण मिळाले पाहिजे : राहायला नीट घर, वेळेवर पगार, अभ्यासाला वेळ आणि सेवेचा पुढच्या प्रवेशात उपयोग. शासकीय सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर प्रवेशात वेगळ्या जागा ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मान्य केला. अशा वाटा जितक्या पक्क्या होतील, तितके 'साहेब' गावात जास्त टिकतील. ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत केवळ "डॉक्टर द्या" एवढेच न मागता "डॉक्टर टिकेल अशी सोय करा" असेही मागायला हवे.

रुग्ण आणि नातेवाईकांनी काय करावे?

डॉक्टर बदलणार, हे धरूनच आपला उपचार आखावा.

१. आपली फाइल आपल्याकडे ठेवा. प्रत्येक चिठ्ठी, रक्ताचा अहवाल, ईसीजी एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा. आभा क्रमांक काढला असेल तर तोही त्यावर लिहा.

२. गोळीचे नाव आणि मात्रा लिहून घ्या. "पांढरी गोल गोळी" यावरून नव्या डॉक्टरला काही कळत नाही. कोणत्या औषधाने त्रास झाला, तेही लिहा.

३. डॉक्टर जाण्याआधी विचारा. "साहेब, माझा उपचार पुढे कसा चालवायचा, ते कागदावर लिहून द्या." चांगला डॉक्टर याने रागावत नाही.

४. कोयत्यावर जाण्यापूर्वी एकदा तपासून घ्या. जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का, ते विचारा. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि केंद्रांत उपचार मोफत आहेत. त्यामुळे फडाजवळच्या आरोग्य केंद्रातही तुमचा कागद दाखवून गोळी मागता येते.

५. क्षयरोगाचा उपचार चालू असेल तर गाव सोडण्याआधी केंद्रात सांगा. क्षयरुग्णाची नोंद 'निक्षय' या राष्ट्रीय प्रणालीत असते, त्यामुळे उपचार दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतो. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नका.

६. गरोदर बाईने माता-बाल संरक्षण कार्ड नेहमी सोबत ठेवावे. त्यावरून कोणत्याही डॉक्टरला आधीच्या तपासण्या आणि लसी कळतात.

७. कोणी गर्भाशय काढायला सांगितले तर घाई करू नका. अचानक खूप रक्तस्राव होत असेल तर लगेच रुग्णालयात जा. तशी तातडी नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या महाविद्यालयात दुसरे मत घ्या.

८. आशाताई आणि सिस्टरशी संबंध ठेवा. डॉक्टर येतात-जातात, आशाताई गावातलीच असते. नव्या डॉक्टरला तुमची पहिली ओळख तीच करून देते.

तुमच्याच घरात असा पदवीधर असेल तर

बीडमधल्या अनेक घरांत आज एखादे मूल एमबीबीएस, बीएएमएस किंवा बीएससी नर्सिंग झालेले आहे. "वर्ष वाया जातंय" ही काळजी पालकांच्या तोंडी असते. पण या वर्षात करण्यासारखे बरेच आहे. एमबीबीएस झालेल्यांना बंधाची सेवा पूर्ण करता येते. बीएएमएस आणि बीएससी नर्सिंग झालेल्यांना उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येते. त्यासाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण असते. २०१४ पासून राज्यात चालू असलेल्या १०८ रुग्णवाहिकेवरही बीएएमएस डॉक्टर काम करतात.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. नेमणुकीचा आदेश आणि अनुभवाचा दाखला लेखी घ्या. आणि प्रत्यक्ष काम न करता कोणाच्या दवाखान्याला आपले नाव किंवा नोंदणी क्रमांक वापरू देऊ नका. तिथे काही चुकले तर जबाबदारी नोंदणी असलेल्याची ठरते.

आणि तुमचा मुलगा किंवा मुलगी जेव्हा आरोग्य केंद्र सोडून पुढे जाईल, तेव्हा त्यांना एवढे जरूर सांगा : जाण्याआधी रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग आणि जोखमीच्या गरोदर मातांची यादी करून पुढच्या डॉक्टरच्या हातात द्या. त्याला एक दुपार लागते. पण पुढच्या आठवड्यात एखादी आजी "मागचे साहेब कुठं गेले?" असे विचारत येईल, तेव्हा तिची गोळी चुकणार नाही.