चाऊस म्हणजे बाहेरचे?

चाऊस आडनाव सांगितलं की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली शेजारच्यांची : "म्हणजे तुम्ही मूळचे इथले नाही." दुसरी आपल्याच लोकांची : "माशाअल्लाह, अरब! म्हणजे खानदानी." मला दोन्ही सारख्याच खटकतात.

आधी पहिलीकडे. 'शिबंदी' हा शब्द मराठी कागदपत्रांत जागोजागी सापडतो. गडाचा बंदोबस्त आणि महसुलाची वसुली यासाठी ठेवलेलं पायदळ, ते शिबंदी. पेशवाईच्या शेवटच्या काळात या शिबंदीत हद्रमौतचे अरब मोठ्या संख्येने होते. पगार देशी शिपायापेक्षा जास्त, कारण ते सहसा पळत नसत. नागपुरात डिसेंबर 1817 मध्ये आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या हाती गेले, तरी वाड्यातले अरब बाहेर पडेनात. 24 डिसेंबरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला, आणि अटी ठरल्यावरच निघाले. पुढे मे 1818 मध्ये मालेगावचा किल्ला. तोही नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेला. पेशवा शरण जाण्याच्या बेतात असताना तिथले अरब जवळजवळ महिनाभर झुंजले. मे अखेरचा इंग्रजांचा हल्ला फसला. जूनमध्ये किल्ल्यातला दारूसाठा उडाला, तेव्हा कुठे ते शरण आले. शरणागतीचा कागद मराठीत लिहिला गेला होता आणि त्याचा अर्थ काय लावायचा यावरून इंग्रज अधिकाऱ्यांतच वाद झाला. मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट भारी आवडते.

पाठ्यपुस्तकात 1818 म्हटलं की कोरेगाव येतं, आष्टी येतं. मालेगाव बहुतेक वेळा येत नाही. जो शेवटपर्यंत मराठ्यांच्या किल्ल्यात लढला तो 'बाहेरचा', आणि त्याआधीच कंपनीशी सलोखा करून मोकळे झालेले सरदार इथले! हा कुठला हिशेब?

आता दुसरी बाजू, म्हणजे आपलं घर. हे शिपाई धर्मासाठी आले नव्हते, पगारासाठी आले होते. हद्रमौतमध्ये दुष्काळ आणि टोळ्यांची भांडणं, इकडे नोकरी. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांना ते नकोसे झाले, तेव्हा अनेक जण निजामाच्या राज्यात गेले. आमचा थोरला बराच नंतर थेट तिकडेच आला, एवढंच घरात सांगतात. 'चाऊस' हा शब्दही मुळात तुर्की, लष्करातल्या हुद्द्याचा. त्यात वंश शोधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

निजामाच्या राज्यात अरब जमादारांनी फार काही पुण्य केलं असंही नाही. ते उमरावांना कर्ज देत, बदल्यात जमिनीचा वसूल घेत, आणि रयतेला त्याची झळ बसे. सालारजंगाला दिवाण झाल्यावर त्यांना आवरावं लागलं. अल्-कुऐती घराण्याने तर इथे कमावलेल्या पैशावर हद्रमौतमध्ये सल्तनत उभी केली. ती 1967 पर्यंत टिकली. हे सगळं झाकून नुसता 'अरबी खून' मिरवायचा, याला मी इतिहास म्हणत नाही. आणि 1948 च्या पोलीस कारवाईनंतर याच खुनाने काय दिलं? अनेक अरबांना परकी ठरवून डांबलं गेलं, काहींना देशाबाहेर पाठवलं. ज्यांच्या आया इथल्या, त्यांनाही आपण इथलेच आहोत हे पटवून द्यावं लागलं.

खरा मुद्दा इथेच आहे. शिपाई सहसा एकटा यायचा. बायका सोबत नसत. लग्नं इथेच झाली, इथल्या बायांशी. आमच्या दाखनीत मराठीचे शब्द कुठून आले? भाकरी, ठेचा, जात्यावरची सवय हद्रमौतहून जहाजात बसून आली का? तरी आमच्या घरच्या शजऱ्यात बिन अमुक, बिन तमुक अशी पुरुषांची रांग थेट तिकडच्या गावापर्यंत जाते आणि एकाही बाईचं नाव नाही. अर्ध्याहून जास्त रक्त जिचं, तिला रकानासुद्धा नाही. शेजारी 'मूळ गाव' विचारतो तेव्हा आपण राग मानतो. पण ज्या बाईमुळे त्याचं तोंड बंद झालं असतं, तिला आपणच पुसून टाकलंय, त्याचं काय?

ज्यांच्या घरी शजरा आहे त्यांनी त्यात एक रकाना वाढवावा : आईचं नाव, आईचं गाव. म्हाताऱ्या फूफी, खाला अजून हयात आहेत, त्यांना विचारा. माझ्या प्रतीत मी तो आखलाय. चार नावं मिळाली. पाचव्या ओळीत, त्या पहिल्या शिपायाच्या बायकोसमोर, सध्या फक्त 'परभणीकडची' एवढंच लिहिलं आहे.