डोक्यावर काय टांगताय?

पाऊस ओसरून दिवाळीच्या रंगकामाची बोलणी सुरू झाली की नाशकात घरोघरी माना वर होतात. पंख्याभोवतीचा पिवळट डाग, कोपऱ्यातले पोपडे, मागच्या वर्षी भरलेली आणि पुन्हा उघडलेली भेग. निजायच्या खोलीत पाठ टेकली की समोर तेच. मग कुणीतरी म्हणतं, ‘यावर काहीतरी लावूनच टाकू.’ त्या ‘काहीतरी’बद्दल मला आज बोलायचं आहे.

छत झाकणं नवं नाही. भद्रकालीकडच्या जुन्या वाड्यांत माळवदाची माती कडीपाटाच्या फटींतून झरायची, म्हणून पलंगावर कापड ताणून बांधत. तेव्हा ते शहाणपणाचं होतं, कारण त्या कापडाशेजारी विजेची तार नव्हती. आज छताला पंखा आहे, दिवे आहेत, जुन्या वायरिंगचे सांधे आहेत. तिथे साडी, चादर किंवा झिरमिळ्या ताणणं म्हणजे ठिणगीला वाट करून देणं. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ला गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. पडदे, ताडपत्री, बांबू अशा पेटत्या सामानातून ती आग झपाट्याने पसरली. तिथली माणसं तरी जागी होती. निजायच्या खोलीत आपण झोपलेले असतो.

थर्माकोलच्या चौकटी स्वस्त पडतात, घरच्या घरी चिकटवता येतात. पण त्या पेटल्या तर वितळून जळते थेंब खाली पाडतात, थेट अंथरुणावर. पीव्हीसी पट्ट्यांना ओल लागत नाही, म्हणून बाथरूममध्ये त्या चालतील, पण जळताना त्यांतून घसा आणि फुप्फुसं भाजणारा आम्लाचा वायू निघतो. निजायच्या खोलीत यांपैकी काहीच नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

उरतं जिप्सम बोर्ड किंवा पीओपी. जिप्सममध्ये वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं पाणी रासायनिक बंधात असतं. आग लागली की आधी त्या पाण्याची वाफ होते आणि बाहेर पडायला वेळ मिळतो. मात्र हे हलकं प्रकरण नाही. दहा बाय बाराच्या खोलीत साडेबारा मिलिमीटरचं बोर्ड लोखंडी सांगाडा धरून शंभर किलोच्या वर जातं. ते सगळं स्लॅबमध्ये ठोकलेल्या फास्टनरवर लोंबतं. आता तो स्लॅबच पोकळ झाला असेल तर?

खरी गोम इथेच आहे. सिडकोतल्या एका नातेवाइकांच्या घरी रंगारी पोपडा खरवडत होता. पत्र्याची एक ओढ मारली आणि तळहाताएवढी खपली खाली आली. आत सळई दिसली, तांबूस, थरांथरांनी सुटलेली. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं आणि खालचं काँक्रीट ढकलून देतं. त्यावर झकास पीओपी केलं असतं तर घरच्यांना ही सळई दिसलीच नसती, आणि गंज आत चालूच राहिला असता.

म्हणून आधी गच्चीची गळती थांबवा. मग छतावर लाकडी दांड्याने हलकं ठोकून पाहा. टणक आवाज आला तर ठीक. बोदा आला तर तेवढा भाग काढून, सळई घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने भरून घ्यावा लागतो. इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल तर महापालिका कायद्यानेच तिची संरचनात्मक तपासणी करून घ्यायची असते, त्यात कुचराई करू नका. एवढं झाल्यावर बरेचदा साधी पुट्टी आणि पांढरा रंगच पुरतो. बोर्ड लावलंच तर पंख्याचा हूक स्लॅबलाच हवा, सांगाड्याला नाही, आणि वर डोकावता येईल असं एक झाकण ठेवून घ्या.

सातपूर-अंबडकडच्या सिमेंटच्या जुन्या पत्र्याखाली राहणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाचा कर्करोग करते. पत्रा खरवडू नका, भोकं पाडू नका, कापू नका. खालून छत करायचंच असेल तर सांगाडा भिंतींवर टेकवा.

दिवाळीला अजून वेळ आहे. छत ठोकून पाहिल्याशिवाय रंगाऱ्याला इसार देऊ नका.