घरातील दारूकाम घराबाहेर न्या

दारू हा शब्द कानी पडताच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे गुत्ता आणि पिंप उभे राहते, व सुधारकाची लेखणी आता कोणत्या वळणाने जाणार हे त्यांस ठाऊक असल्यामुळे ते पान उलटू पाहतात. त्यांनी क्षणभर थांबावे. आज आम्ही पिण्याच्या दारूविषयी लिहीत नसून पेटविण्याच्या दारूविषयी लिहीत आहोत. पहिलीविरुद्ध आजवर व्याख्याने झाली, ठराव झाले, गावोगाव बायकांनी मोर्चे काढून बाटल्या आडव्या केल्या. दुसरी मात्र माजघरात उतरंडीशेजारी निमूट बसलेली असते व तिला कोणी ऊठ म्हणत नाही. पहिली संसार सावकाश बुडविते, सावरण्यास वेळ तरी देते. दुसरी तेवढी सवड देत नाही.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत ही दुसरी दारू दोन वाटांनी घरात येते. एक वाट शोभेच्या दारूची, म्हणजे जत्रा, पालखी, दसरा यांची. दुसरी बंदुकीची, म्हणजे पिकाच्या राखणीची अथवा नेमबाजीच्या हौसेची. वाटा वेगळ्या असल्या तरी दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात: घरातील एक कोपरा, एक पाट किंवा मेज, एक तराजू, आणि भोवती वावरणारी बायकामुले. ही बैठक घरातून उठली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कला बंद करा अथवा पीक डुकरांस खाऊ द्या, असे आम्ही म्हणत नाही. काम चालू द्या, पण ते घराबाहेर न्या, एवढेच आमचे मागणे आहे.

शोभेच्या दारूचे नाव निघाले की सांगली–तासगाव रस्त्यावरील कवठे एकंद गावाचा उल्लेख अटळ होय. तेथील ग्रामदैवत श्रीसिद्धराजाची पालखी विजयादशमीस निघते, आणि त्या रात्री आकाशात जे प्रकाशाचे अरण्य उभे राहते ते पाहण्यास दूरदूरचे लोक लोटतात. औटांचे धडाके, नारळी झाडे, लाकडी शिंगटे ही नावे त्या गावच्या पोरासही तोंडपाठ असतात. ही आतषबाजी बाजारातून विकत आणून लावलेली नसते. गावातील मंडळे ती आपल्या हातांनी घडवितात, आणि हे कौशल्य बापाकडून मुलाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. गंधक, कोळसा व सोरा यांच्यापासून सोन्यासारखी झाडे उभी करणारा हा कारागीर कोणत्याही शहरी कारखानदाराहून उणा नाही. त्याचा आम्हांस अभिमान वाटतो, आणि याच अभिमानापायी त्याला कडू गोष्ट सांगण्याचा अधिकार आम्ही घेत आहो.

मे २०१५ मध्ये याच गावी शोभेच्या दारूच्या कारखान्यात स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले.  कोणी म्हणेल की तो अपघात कारखान्यातला. आमच्या घरातल्या चार मूठ दारूशी त्याचा काय संबंध? आमचे उत्तर असे की, जेथे रोज हेच काम चालते व ज्यांचे हात या कामात मुरलेले असतात, तेथेही जर एका ठिणगीने असा अनर्थ होतो, तर जेथे पलीकडच्या खोलीत चूल पेटलेली, देवघरात समई तेवत असलेली आणि उंबऱ्यावर तान्हे रांगत असलेले, तेथे काय होईल याची कल्पना करण्यास पंडिताची गरज नाही.

या पदार्थाचा स्वभाव नीट समजून घेतला पाहिजे. लाकूड जळते तेव्हा ते बाहेरच्या हवेतून प्राणवायू घेते, म्हणून हवा बंद केली की आग विझते. दारूतील सोरा स्वतःचा प्राणवायू स्वतःबरोबर घेऊन आलेला असतो. त्यामुळे ती हवेची वाट पाहत नाही, व घोंगडी टाकून विझतही नाही. तिला ठिणगी पुरते, घर्षण पुरते, कोरड्या हवेत अंगावरच्या कृत्रिम धाग्याच्या कपड्यात साठलेली वीजही पुरते. उघड्यावर थोडी असता ती भुर्रकन जळून जाते. बंद जागेत पुष्कळ असता भिंती पाडते. म्हणजे धोका कारागिराच्या अडाणीपणात नसून जागेत व साठ्यात आहे. हात कितीही सराईत असला तरी त्याच्या मागे जिची भिंत लागून आहे त्या शेजारणीला त्या सराईतपणाचा उपयोग नाही.

आता बंदुकीकडे वळू. सह्याद्रीच्या पायथ्याशी, पाटण, जावळी, शिराळा या भागांत रानडुकरांनी व गव्यांनी शेतकऱ्यास जेरीस आणले आहे, हे आम्ही जाणतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही हे ओळखले आहे. त्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. मात्र ती बंदूक हाती आल्याने रानातील जनावर मारण्याची मुभा मिळत नाही. त्याला १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा आहे व वनखात्याची परवानगी निराळी घ्यावी लागते. ठासणीची बंदूक म्हटली की दारू सुटी ठेवणे आले, आणि ती कोठे, तर कोनाड्यात, फडताळात, धान्याच्या कणगीमागे. ज्यांच्याकडे काडतुसांची बंदूक आहे त्यांपैकी काहींस आणखी एक मोह पडतो. काडतूस महाग, मिळण्यास खेटे फार. तेव्हा उडालेली रिकामी काडतुसे टाकण्याऐवजी घरीच का भरू नयेत, असा हा विचार असतो.

परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, ही हौस राजरोस चालते. तेथे पुष्कळ नेमबाज आपल्या घरी एक भक्कम मेज मांडून, त्यावर दाबयंत्र व तराजू बसवून, रिकामी काडतुसे पुन्हा भरतात. तेथील काही आप्तांकडे हे मेज पाहून आलेले गृहस्थ इकडे त्याची वर्णने करतात, व तरुणांस वाटते की आपणही सुताराला बोलवावे. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली ही की, त्या कामात दारू ‘ग्रेन’ या मापाने तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्राम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मा. इतक्या बारीक मापाच्या कामात लक्ष विचलित होऊन एकाच काडतुसात दोनदा दारू पडली, तर नळी फुटते, आणि फुटलेली नळी ज्याच्या गालाशी टेकलेली असते त्याचा डोळा जातो. दुसरी ही की, त्या देशाचा कायदा तो, आपला कायदा हा. आपल्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, व बंदूक बाळगण्याचा परवाना हा काडतुसे बनविण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने या प्रकारच्या गुन्ह्यांची शिक्षा अधिक कडक झाली आहे. चार पैसे वाचविण्यासाठी डोळा, अब्रू व बंदूक तिन्ही पणास लावणे, हा व्यवहार आमच्या व्यापारी वाचकांपैकी कोणालाही किफायतीचा वाटणार नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो मानी मनातून येतो म्हणून त्याचा आदर करून उत्तर दिले पाहिजे. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा करून या देशास निःशस्त्र केले. ज्या साताऱ्यात १९४३ पासून प्रतिसरकार उभे राहिले, त्या मुलखाला तुम्ही आता घरात चिमूटभर दारूही ठेवू नका म्हणून सांगता काय? होय, सांगतो. त्या जुन्या कायद्याचा जाच असा होता की हिंदी माणसास बंधन आणि गोऱ्यास सूट. तो अपमान होता, व त्याच्याशी झगडणे हे कर्तव्य होते. सांप्रतचा कायदा आपल्याच प्रतिनिधींनी केलेला व सर्वांस सारखा आहे. त्यात दोष असतील तर ते बोलून दाखवावे, अर्ज करावे, बदल मागावा. परंतु परक्याच्या सत्तेशी लढणाऱ्याने पत्करलेला धोका आणि आपल्याच लेकराच्या पाळण्याशेजारी ठेवलेला धोका, या दोहोंस एकच नाव देणे हा त्या लढवय्यांचाही उपमर्द होय.

आणि परंपरेचीच साक्ष पाहिजे असेल तर ती आमच्या बाजूस आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभीचे. त्यात गडावरील दारूखान्याविषयी जे सांगितले आहे ते आजच्या कोणत्याही सरकारी नियमावलीस शोभेल असे आहे. दारूखाना घराच्या जवळ नसावा, सदरेपासून दूर असावा. त्याभोवती दाट झाडीचे कुंपण असावे. ओल लागू देऊ नये. हवालदाराने ठराविक दिवसांनी स्वतः येऊन दारू बाहेर काढून ऊन द्यावे व पुन्हा मुद्रा करून ठेवावी. पहारा असावा, परवानगीवाचून कोणास आत जाऊ देऊ नये. असा त्याचा आशय आहे. ज्या काळी दारू हेच राज्याचे बळ होते त्या काळी, आणि जेथे जागेची टंचाई अशा डोंगरमाथ्यावरही, आमच्या पूर्वजांनी दारू व बिऱ्हाड यांत अंतर राखले. तेव्हा माजघरातील बैठक ही परंपरा नव्हे; ती परंपरेस पडलेला विसर होय.

‘आजवर काही झाले नाही, देव सांभाळतो,’ हे उत्तर आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहे. देवावरील श्रद्धेस आम्ही हात लावीत नाही. पण ज्या देवाच्या पालखीपुढे ही झाडे फुलतात, त्याला आपल्या भक्ताच्या घरावरचे छप्पर उडालेले आवडत असेल असे कोणता भक्त म्हणेल? सेवा निर्विघ्न करणे हाही सेवेचाच भाग आहे.

नुसता उपदेश करून थांबणे हे संपादकाचे जुने दुखणे आहे, म्हणून आम्ही काय व्हावे तेही सांगतो. पंधरा किलोग्रामपर्यंत शोभेची अथवा साधी दारू तयार करण्याचा परवाना देण्याचा अधिकार २००८ च्या स्फोटके नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांस दिला आहे. त्याहून मोठ्या कामासाठी मात्र नागपूरच्या मुख्य कार्यालयाच्या अखत्यारीतील स्फोटके खात्याकडे जावे लागते. तेव्हा जेथे हे काम परंपरेने चालते अशा गावी गावठाणापासून दूर, ग्रामपंचायतीच्या माळावर, सर्व मंडळांसाठी सामाईक जागा करावी. तेथे एकच मोठी खोली नको. अंतराअंतरावर लहान लहान, हलक्या छपराच्या खोल्या असाव्या, एकेकीत माणसे थोडी व माल त्याहून थोडा असावा, आणि कच्चा माल व तयार माल निरनिराळा ठेवावा. एक खोली गेली तर दुसरी वाचावी, हे या रचनेचे मर्म. सरकारनेही कारागिरास कचेरीच्या पायऱ्या झिजवावयास न लावता, नवरात्रापूर्वी गावातच बसून परवाने द्यावे व काम समजावून सांगावे. ज्याला कायदेशीर वाट खुली असते तो चोरवाट धरीत नाही. मुलांस या कामास लावण्याची मनाई तर १९८६ च्या बालकामगार कायद्यातच होती. ती पाळली जाते की नाही हे गावाने स्वतः पाहावे. आणि या सर्व गोष्टींत घरच्या बायकांचा शब्द विचारला जावा, कारण घरात दारू असता चूल पेटविण्याचे काम त्यांच्याकडे असते.

बंदूकवाल्यांस आमचे सांगणे थोडके आहे. लागेल तेवढाच माल परवान्यावरील दुकानातून घ्यावा. तो कुलपात, चुलीपासून व मुलांपासून दूर ठेवावा. जुना, ओला, निरुपयोगी माल परसात पुरू अथवा जाळू नये, पोलीस ठाण्यास कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्याची वाट लावावी. आणि रिकामे काडतूस रिकामेच राहू द्यावे.

शेवटचा शब्द आमच्या व्यापारी वाचकांशी. सांगली, मिरज, तासगाव, कऱ्हाड, सातारा येथील पेठांतूनच जत्रेची वर्गणी जाते व पेठांतूनच कच्चा मालही जातो. म्हणजे सरकारच्या हुकमापेक्षा लवकर फळ देणारी किल्ली तुमच्या गल्ल्यात आहे. पुढच्या दसऱ्यास मंडळाचा पावतीबुकवाला दारात आला की त्याला विन्मुख पाठवू नका. उलट अकराच्या जागी एकवीस द्या. मात्र पावती घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: ‘यंदा काम कोठे चालू आहे?’ उत्तर माळावरची जागा असे आले तर पैसे आनंदाने मोजा. उत्तर कोणाच्या घराचे आले तर तेच पैसे माळावरच्या पहिल्या खोलीसाठी वेगळे काढून ठेवतो, असे त्याला सांगा. दहा दुकानांनी असे केले तर मंडळ विचारात पडेल, शंभरांनी केले तर खोली उभी राहील. त्या रात्री आकाश तितकेच उजळेल, आणि पालखी देवळात परतल्यावर प्रत्येक कारागीर आपल्या घराच्या शाबूत उंबऱ्यातून आत जाईल.